पहिल्या ओळीपुरता

पडदेवालीला राग आला की ती आधी हातातली कात्री खाली ठेवते. तेवढी अक्कल तिला आहे. त्यापलीकडे रागाला आवर घालणं तिला कधी जमलं नाही, आणि ज्या महिन्यात नवरा तिच्यासाठी माइक निवडत होता, त्या महिन्यात कात्री जवळजवळ टेबलावरच पडून होती.

दुकान तिचं. रस्त्याला लागून लांबट खोली, भिंतीभर कापडाचे तागे, छतापासून लोंबणारे नमुन्याचे पडदे, मधोमध कापायचं रुंद टेबल. शेजारच्या गाळ्यात नवरा वजनकाटे दुरुस्त करतो. मध्ये फळ्यांची पातळ भिंत. लग्न झाल्यापासून ती इकडे शिवता शिवता गात आली आणि तो तिकडे पारडी सारखी करत आला. गाणी तिची स्वतःची. कुणी शिकवली नाहीत, कुठे ऐकली नाहीत. सुईदोरा चालवताना जुळत गेली आणि डोक्यातच राहिली. गिऱ्हाइकं खिडकीचं माप द्यायला येत आणि गाणं संपेपर्यंत हलत नसत.

मग घशात खरखर सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. भीतीचं कारण दिसत नाही म्हणाल्या, पण काढावी लागेल, आणि नंतर आवाज कसा राहील याची हमी कोणी देणार नाही. महिनाअखेरची तारीख मिळाली. तोवर बोलणं कमी, आणि गायचंच असेल तर दिवसाला पाव तास. त्याहून जास्त ताण दिलात आणि तंतूला इजा झाली तर मला काही विचारायला येऊ नका, असं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं.

लेक परगावी असते. ती फोनवर आधी रडली आणि मग म्हणाली, "आई, सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवायची. बाबा, महागातला नको, पण बऱ्यापैकी माइक आणा."

इथेच माशी शिंकली. हे काम बाबांवर सोपवायला नको होतं. हा माणूस छत्री घ्यायला निघाला तर पावसाळा संपवून परत येतो.

माइकचा दुकानदार ओळखीचा निघाला. "एकेक घरी नेऊन बघा," असं तो भलेपणाने म्हणाला आणि अडकला. पहिला माइक जाडजूड, स्टुडिओत असतो तसला, फार तिखट कानाचा. वरच्या मजल्यावर, त्यांच्या राहत्या खोलीत, त्याने तिचा आवाज घेतला, पंखा घेतला, रस्त्यावरच्या स्कूटरी घेतल्या आणि शेजारणीने पातेलं आपटलं तेही घेतलं. दुसरा सरळ कॉम्प्युटरला जोडायचा. सोयीचा होता, पण आवाज डब्यातून आल्यासारखा. तिसरा स्टेजवर हातात धरतात तसला, सगळ्यात स्वस्त. तो तोंडाजवळचं तेवढं ऐकायचा आणि बाकीच्या जगाकडे पाठ फिरवायचा. मग पुन्हा पहिला, पण खिडकी लावून. पुन्हा दुसरा, पण तोंडापुढे जाळी लावून.

आणि दर वेळी तिने म्हणायची ती एकच ओळ.

"सुई गं सुई, तुझ्या एवढ्याशा डोळ्यातून..."

दुसऱ्या ओळीला ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचा हात वर. "बस, बस! पुढची नको. वजन तेच ठेवायचं आणि काटे बदलायचे, तेव्हा कुठे खोट कळते. वजन बदललंस तर मी तुलना कशी करू?"

काट्यांच्या धंद्यात हे बरोबरच होतं. पण तिचा गळा म्हणजे काही त्याचं पितळी वजन नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला पाव तास रोज असा एकाच ओळीत झिजत होता.

"अहो, मोबाइलवर घेऊ या ना," ती सुरुवातीलाच म्हणाली होती. "चार गाणी तरी होतील."

"तुझं आयुष्यभराचं काम आणि मोबाइलवर? असलं अर्धवट मला नाही पटत."

आयुष्यभराचं काम, हे शब्द तिला गोड लागले. खोटं कशाला बोला. त्याच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती, म्हणून ती मुकाट्याने ती ओळ म्हणत राहिली. तेवढ्या एका गोडव्यावर त्याने तिचे सगळे दिवस खाल्ले.

एके दुपारी ती टेबलाशी मापाची टेप घेऊन उभी असताना हॉस्पिटलातून फोन आला. कुणाची तरी तारीख रद्द झाली होती, तिची अलीकडे घेतली होती. उद्या सकाळी उपाशीपोटी या.

तिने फोन ठेवला आणि त्याच क्षणी नवरा स्वस्तातला माइक आणि लॅपटॉप घेऊन आत आला. चेहरा असा खुललेला, की लॉटरी लागली असावी.

"ठरलं! हाच. आणि वर नाही, इथे दुकानात. एवढं कापड टांगलेलं आहे, आवाज जरासुद्धा घुमत नाही. हे आधी सुचायला हवं होतं, नाही का?"

"उद्या ऑपरेशन आहे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो टेबलाचा कोपरा धरून उभा राहिला.

"मग आत्ता म्हण," तो घाईघाईने वायर जोडू लागला. "एक तरी पूर्ण म्हण."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात कात्री नव्हती म्हणून तिने टेप खाली ठेवली.

"आजचा पाव तास कुठे गेला? सकाळी कुणी संपवला? आणि कालचा? परवाचा? माझा गळा जोखत बसलात तुम्ही! मला काय भाजी समजलात?"

"अगं, ओरडू नकोस, घसा..."

"घसा आत्ता आठवला!" पण ती थांबली. आवाज खाली आणला. खालच्या आवाजात तर तो राग जास्तच भाजत होता. "बरं, राहू दे. दुसरी ओळ म्हणा."

"कसली?"

"सुईच्या गाण्याची. महिनाभर पहिली ऐकताय. फळीला कान लागेल इतक्या जवळ इतकी वर्षं बसलाय. म्हणा पुढची."

तो तोंड उघडून उभा राहिला. चाल त्याला येत होती. हाताची बोटं टेबलावर बरोबर ठेका धरत होती. शब्द नव्हते. एकाही गाण्याचे नव्हते.

ती ते पाहत राहिली. गाठीची बातमी ऐकताना ती इतकी हादरली नव्हती.

मग तिने माइक उचलला आणि त्याच्याच हातात कोंबला. स्वतः टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "मी शब्द सांगते. तुम्ही म्हणा. सगळी गाणी. उद्या माझा आवाज राहिला काय नि गेला काय, ही कुणाच्या तरी तोंडात राहायला हवीत."

"मला गाता कुठे येतं?"

"मला तरी काटे कुठे दुरुस्त करता येतात? म्हणा."

तो म्हणाला. फाटक्या, घाबरलेल्या आवाजात. ती हळू शब्द सांगे, हाताने सूर वर-खाली दाखवी आणि चुकला की टेबलावर थाप मारी. "चुकलं. पुन्हा." तिने एकही चूक माफ केली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी नाही. दिवे लागेपर्यंत सगळी गाणी झाली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. आवाज परत आला, पण जाडाभरडा, वरच्या सुरांशी कायमचा अबोला धरलेला. घरी आल्यावर तिने रेकॉर्डिंग ऐकलं. माइकने चोख काम केलं होतं. तोंडाजवळचं तेवढंच ऐकलं होतं. सगळी गाणी नवऱ्याच्या आवाजात, आणि मध्येमध्ये ती जिथे बोलली होती, तिथे नुसती शांतता.

तिचा जुना आवाज उरला आहे तो एकाच ओळीत. तपासणीच्या त्या सगळ्या फायलींमध्ये, निरनिराळ्या माइकांवर, पुन्हा पुन्हा तीच ओळ. त्याने एकही पुसलेली नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो फळीपलीकडे त्यातली एक लावतो. तिचा भरलेला, मोकळा आवाज पडद्यांमधून तिच्यापर्यंत येतो. "सुई गं सुई, तुझ्या एवढ्याशा डोळ्यातून..." आणि थांबतो. पुढची ओळ तो स्वतः धरतो, बेसूर, पण एक शब्द न सोडता. "आख्खं घर ओवून घेतलं मी."

पडदेवाली कात्री खाली ठेवते.

"चुकलं!" ती नव्या, घोगऱ्या आवाजात ओरडते. "पुन्हा!"

आणि तो पुन्हा तिच्यापासून सुरू करतो.