ड्रॉवरमधली कडुलिंबाची पुरचुंडी

"हू पुट दिस इन हियर?" क्लेअर मॅडमनी पुरचुंडी चिमट्यात धरून वर केली आणि माझा मॉप जागीच थांबला. कारण ती माझी होती. माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा, आत आईने तूरडाळीत घालून दिलेला कडुलिंबाचा सुका पाला.

मी तेव्हा ओटावाला एका म्युझियमच्या बेसमेंटमध्ये क्लीनर होते. शिक्षण नववी. नवरा कॉलेजला, लेक आरू तीन वर्षांची, घर माझ्या पगारावर. विहारातल्या सुनीताताईंनी स्वतःच्या शब्दावर मला तिथे कामाला लावलेलं. नियम एकच, फरशी पुसायची, कपाटं उघडायची नाहीत.

बेसमेंटभर कपाटं, कपाटांत ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये जनावरांची कातडी, कापूस भरून आडवी ठेवलेली, सगळी क्लेअर मॅडमच्या ताब्यात. त्यांना तिथे नुसतं 'स्किन' म्हणतात.

तर सोमवारी एका जुन्या कपाटाखाली बारीक पावडर दिसली. मी झाडून टाकली. बुधवारी परत तेवढीच. खाली बसून बोटावर घेऊन बघितली. गव्हाला कीड लागली की डब्याच्या तळाला भुगा पडतो ना, तसाच, वर किड्यांची सालं. मॅडम गुरुवारपर्यंत सुट्टीवर, दुसऱ्या कुणाला इंग्लिशमध्ये काय सांगणार. कपाटाची कडी सैल होती. मी उघडलं, खालचा ड्रॉवर ओढला.

आत मांजरापेक्षा लहान जनावर, तांबूस, मऊ, शेपूट गुबगुबीत. डोळ्यांच्या जागी कापूस. शेपटीपाशी केस गळून पडलेले. आरू कुशीवर झोपते तसंच दिसलं मला ते. गुरुवारी पुरचुंडी आणली आणि त्याच्या शेजारी ठेवली. घरी डाळीला करते तेच केलं.

आणि शुक्रवारी हे.

मी वॉशरूममध्ये जाऊन नवऱ्याला फोन केला.

"कुणी सांगितलं होतं गं तुला शहाणपणा करायला?"

"केस गळत होते रे त्याचे."

"मेलेल्या जनावराचे?" तो म्हणाला. "जा, खरं काय ते सांग. कॅमेऱ्यात दिसणारच आहेस."

मी गेले. "मॅडम, आय पुट. पावडर, फ्लोअर, मंडे, वेनस्डे. बग ईटिंग. आय ओपन. सॉरी. प्लीज, माय जॉब."

"पावडर? व्हेअर?"

मी कपाटाखाली बोट दाखवलं. त्या दिवशीही थोडी पडली होती. त्या सरळ गुडघ्यावर बसल्या, बॅटरी मारली, भिंग काढलं. मग ड्रॉवर बाहेर ओढून कातडं हळूच उलटं केलं. खाली केसाळ अळ्या वळवळत होत्या.

"कार्पेट बीटल," मॅडम म्हणाल्या, म्हणजे लोकर आणि केस खाणारा किडा. "व्हाय डिडन्ट यू टेल मी ऑन मंडे?"

"आय क्लीन."

"येस," त्या म्हणाल्या. "यू क्लीन्ड."

मग त्यांनी सावकाश समजावलं. कोलंबियाच्या उंच डोंगरात, जिथे झाडांमध्ये ढग असतात, तिथे ओलिंगितो नावाचं रकूनच्या नात्यातलं लहान जनावर राहतं. लोक त्याला ओलिंगो म्हणून दुसरंच जनावर समजत होते. थोड्या वर्षांपूर्वी म्युझियमच्या ड्रॉवरमध्येच कुणाच्या तरी लक्षात आलं की हे वेगळं आहे. आमच्या कातड्यावरही ओलिंगोचंच लेबल होतं. ते तपासायला महिन्याने अमेरिकेहून एक तज्ज्ञ बाई यायच्या होत्या. तोवर किड्यांनी काय ठेवलं असतं कुणास ठाऊक.

कातडं प्लॅस्टिकमध्ये सील करून दोन आठवडे मोठ्या फ्रीझरमध्ये गेलं. थंडीने अळ्या मरतात, केसांना काही होत नाही. सोबत माझी पुरचुंडीही गेली. बाहेरचा पाला, त्याच्यातच किडे असले तर? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अमेरिकेच्या बाई आल्या. सोबतच्या डबीतल्या कवटीचे दात मोजले, शेपूट मोजली, कान बघितले. मी लांब मॉप धरून उभी. शेवटी त्या हसल्या. ओलिंगितोच होता. जुनं लेबल काढलं नाही, शेजारी नवीन बांधलं.

मला लेखी वॉर्निंग मिळाली, न विचारता कपाट उघडलं म्हणून. त्याच आठवड्यात मॅडमनी नवीन कामही दिलं, दर शुक्रवारी कपाटांखालचे चिकट ट्रॅप तपासायचे आणि वहीत लिहायचं. ते काम मी अजून करते.

पावडर दिसली की आधी सांगायचं, मग झाडायचं. पुरचुंडी मात्र मॅडमनी परत दिली नाही. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात आहे ती, माझ्या नावाचं लेबल लावून.