परीक्षेला एकच सिस्टीम

मित्रांनो, आज मन कडू झालं आहे, म्हणून लिहितो.

आमच्या गावच्या गुरुजींनी शाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम घातली होती. माझी लेक सुषमा त्यावरच शिकली. दसऱ्याला त्या संगणकांना हळदकुंकू लावायचा मानही तिचाच असे. आज तिचं नाव घालायला बुलढाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो आणि ती लिनक्सवर शिकल्याचं सांगितलं.

"लिनक्स? इसरून जाय ते पोरी," सर म्हणाले. "परीक्षा एकाच कंपनीच्या सिस्टीमवर होते. पहिल्यापासून शिका लागन."

"काऊन हो सर? दुसरी काऊन नाही?" मी विचारलं.

"काका, दुसरी कोनी मांगतच नाही."

"मी मांगून राह्यलो ना आता!"

सगळा क्लास हसला. सुषमा खाली पाहत राहिली.

परतताना बसमध्ये म्हणाली, "बाबा, तुमी काऊन बोलले? उद्यापासून मले त्याईच्यातच बसा लागन."

देव तिला यश देवो. पण सगळे घेतात तेच घ्या, नाहीतर लेकीचं हसं करून घ्या, याला निवड म्हणतात का? तुमच्या लेकरांना कोणी कधी विचारलं, त्यांना कोणतं हवं ते?