आतोबांनी गाडी घेतली

सबंध घरादाराला हाताळायला दिल्याशिवाय एखादी वस्तू विकत घेणारा माणूस जगात असू शकतो, यावर आमच्या आतोबांचा विश्वास नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सगळा जन्म हैदराबादेत, मलकपेठेत गेला. सरकारी नोकरी तिथूनच ये-जा करत केली आणि तिथल्याच बैठ्या घरात निवृत्त होऊन बसले. दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई आणि नातवंडांचा घोळका. सगळे याच शहरात, पण चार दिशांना पांगलेले. आतोबांना काही खरेदी करायची असली की या सगळ्यांना निरोप जायचा. एकदा सुलतान बाजारात चादरी घ्यायच्या होत्या, तर यांनी दुकानातल्याच गादीवर चादर पसरली आणि थोरल्या मुलाला तिच्याखाली झोपवलं. तो चांगला उंच, पावलं बाहेर राहिली. दुकानदार म्हणाला, "चच्चा, पाँव मोड के सोते लोगां." आतोबांनी शांतपणे त्याला सांगितलं की आमच्या घरात पाय लांब करून झोपायची पद्धत आहे, आणि मंडळी पुढच्या दुकानात गेली.

एवढं असून हा माणूस कधी चिडत नाही की आवाज चढवत नाही. दुकानदार वैतागले, मुलं घड्याळाकडे बघू लागली, तरी आतोबांच्या चेहऱ्यावर सकाळच्या पहिल्या चहाचं समाधान असतं. त्यांच्या तोंडात कायम एक शब्द, "बघू या." या तीन अक्षरी आश्वासनावर त्यांच्या घरातला मिक्सर दीड वर्षं यायचा राहिला होता.

अशा माणसाने एका रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि ताक पिता पिता जाहीर केलं की आपण एक गाडी घेणार आहोत. साधी नव्हे. सगळे मावतील, झोपता येईल, चहा करता येईल, हातपाय धुता येतील अशी. पैसे निवृत्तीतले आणि तेही बेताचे, म्हणून जुनीच.  मग थोरला मुलगा म्हणाला की लागेल तेव्हा भाड्याने मिळते. थोरल्या सुनेने सांगितलं की घरी ओटा आहे तेवढा पुरे, सुट्टीतही गाडीत ओटा असणार असेल तर ती घरीच राहील. पुण्याचं माहेर असलेल्या धाकट्या सुनेला कल्पना फार आवडली, पण तिला रजा मिळत नव्हती. नातवंडांना वरचा बर्थ हवा होता, सगळ्यांनाच. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मला कशाला गाडी? मी घरीच बरी."

मग शोध सुरू झाला. एका चकचकीत शोरूममधली नवी गाडी आतोबांनी आतून-बाहेरून पाहिली, किंमत ऐकली, एक ग्लास पाणी मागून प्यायले, गाडी दाखवणाऱ्या मुलीचे आभार मानले आणि घरी आले. त्यानंतर आम्ही दिलसुखनगरच्या पुढे जुन्या गाड्यांच्या आवारात जाऊ लागलो. आम्ही म्हणजे जो हाताला लागेल तो, आणि मी हमखास, कारण मीही याच शहरात राहतो आणि माझं ऑफिस घरूनच चालतं. एका जुन्या शाळेच्या बसमध्ये आतोबांनी सगळ्यांना ओळीने आडवं केलं. जावई मधल्या वाटेत, मुलं बाकांवर, मी इंजिनाशेजारी. मग स्वतः दारात उभे राहून विचारू लागले की कोणाचा हात कोणाला लागतो. आवाराचा मालक हे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "साब, गाडी लेनी है या घर बसाना है?" आतोबा म्हणाले, "दोनों." ती बस मात्र नापास झाली. पुढची एक मिनीबस तिच्या खिडक्या उंच होत्या म्हणून गेली, आणि दुसरीची पायरी आत्याच्या गुडघ्यांना झेपेना. महिने गेले. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की हे मिक्सरसारखंच होणार.

आणि एके दिवशी आतोबांनी एकट्याने, कुणालाही न बोलावता, गाडी घेऊन टाकली. ती एके काळचा फिरता दवाखाना होती. कुठल्याशा धर्मादाय संस्थेने काढून टाकलेली. आत हात धुवायचं बेसिन होतं, तपासायचं लांब बाकडं होतं, आणि अगदी मागे छोटासा, पण नीट दार लागणारा संडास. मुलांनी कपाळावर हात मारला. थोरली सून म्हणाली की औषधाच्या वासात सहलीला कोण जातं. एरवी 'बघू या' म्हणणारे आतोबा या वेळी गाडी धुवायची बादली शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ती गाडी धुवायला गेलो. बेसिन घासता घासता मी विचारलं की आतोबा, एवढ्या गाड्या पाहिल्यात, मग हीच का? त्यांनी आधी नळ बंद केला.

"तुझ्या आत्याला रस्त्यात उतरायला लागतं रे, घडीघडी. बसवाला थांबत नाही, आणि ती कुणाला थांब म्हणत नाही. सकाळपासून पाणी न पिता बसायची. मग जाणंच सोडून दिलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्याचा एकुलता एक भाऊ म्हणजे माझे वडील. ते देगलूरला असतात, आणि त्यांनाही आताशा अंगण ओलांडवत नव्हतं. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आत्या आली नव्हती. पाय दुखतात, असं तिने कळवलं होतं. वडील त्या दिवशी दाराकडे बघत होते, आणि आम्हाला वाटलं होतं, बहीण रागावली असेल.

कागदपत्रं झाली, बाकड्यावर गादी आणि बेसिनशेजारी शेगडी आली, पट्ट्यांसकट खुर्च्या बसल्या. स्वस्तातला रंगारी गाठल्यामुळे पिवळ्या रंगाखालून 'दवाखाना' ही तेलुगू अक्षरं मात्र उन्हात स्पष्ट दिसायची. त्याचं फळ देगलूरला निघालो तेव्हा वाटेतच मिळालं. नारायणखेडच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो, तर दहा मिनिटांत दाराशी म्हाताऱ्या बायकांची रांग. एकीने बाहीही वर सारली होती. धाकटा मुलगा त्यांना तेलुगूतून समजावू लागला, पण आत्याने त्याला मागे सारलं. स्वतः खिडकीशी बसली, प्रत्येकीचं दुखणं ऐकून घेतलं, आपलंही सांगितलं, आणि प्रत्येकीला आल्याचा चहा दिला. औषध कुणालाच मिळालं नाही, पण रांग खुशीत परतली. आत्या त्या प्रवासात दोनदा मागून पाणी प्यायली. आतोबा ते आरशातून बघत होते.

देगलूरला गाडी अंगणात उभी राहिली. आम्ही आत्याला उतरवायला हात पुढे केले, तर वडीलच काठी टेकत आले आणि म्हणाले, तू थांब, मीच येतो वर. पायरी खरोखरच बुटकी होती. दोघं बहीण-भाऊ आत जाऊन समोरासमोर बसले आणि आत्याने दार ओढून घेतलं. जेवणाची वेळ झाली, पानं वाढून झाली, पण आतोबा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते, आणि कुणी दाराकडे वळलं की नुसता हात वर करत होते. आतून मधूनच हसणं ऐकू येई, आणि मधूनच काहीच नाही.

त्या हिवाळ्यात गाडी अजून काही वेळा देगलूरला जाऊन आली. उन्हाळ्यात वडील गेले.

आता आतोबांच्या डोळ्यांमुळे मुलं त्यांना हायवेवर जाऊ देत नाहीत, आणि नातवंडांचे क्लास कधी संपत नाहीत. गाडी बहुतेक उभीच असते. मागच्या रविवारी सकाळी मी मलकपेठेत गेलो, तर दोघं निघायच्या तयारीत. मलाही बसवून घेतलं. रिकाम्या रस्त्यांवरून, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत, आतोबांनी गाडी हुसेनसागरपर्यंत आणली आणि पाण्याकडे तोंड करून उभी केली. आत्याने चहा ठेवला. मी मागे वळून त्या खुर्च्या बघत होतो, तर आतोबा म्हणाले, "सगळ्यांना पुरेल अशी घेतली होती. आता जागा उरते."

आत्याने चहा गाळला, माझ्या हातात कप दिला, आणि मग त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून पाणी चांगलं दिसत होतं.