तळमजल्याचा नियम

आम्हाला घर लागलं तेव्हा वाशीला यायला कुणी तयार नसायचं. नातेवाईक म्हणायचे, खाडीपलीकडे आहे काय, चिखल आणि डास. खोटं नव्हतं ते. अंधार पडला की कोल्हे ओरडायचे. मिठागरांवरून वारा यायचा आणि दोरीवरचे कपडे वाळूनसुद्धा चिकट लागायचे. पण आज लिफ्टच्या इमारतीत, मुलाच्या घरी बसून, मला त्याच वाशीची आठवण येते आणि जीव तुटतो. रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघावंसुद्धा लागायचं नाही, इतकी मोकळी होती.

घर सोडतीत लागलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि आमच्या ह्यांना लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट, काखेत कुबड्या. चेंबूरला भाड्याच्या खोलीत होतो तिथे दार रस्त्यालाच होतं, त्यामुळे जिना आमच्या संसारात कधी आलाच नव्हता. मी घरवाटपाच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, खालचं द्या ना. खिडकीवरचा माणूस म्हणतो, "बाई, चिठ्ठी काय पाय बघून निघते?" मी त्याला तिथेच सुनावणार होते, पण ह्यांनी हाताला धरून बाहेर आणलं. घर नाकारलं तर नंबर गेला. अदलाबदलीचा नियम नाही. घेतलं मुकाट्याने.

जिना चढायची त्यांची रीत सांगते. जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसायचं, हात मागे टेकायचे आणि अंग उचलून वरच्या पायरीवर ठेवायचं. कुबड्या मी घ्यायची. महाप्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून माणूस दमून यायचा आणि घरी पोचायला ही कसरत. पँट मागून अशी झिजायची की मी आतून डबल कापड लावून द्यायची.

गृहप्रवेशाला भंतेजींना बोलावलं, वंदना ठेवली, मी खीर केली. ह्यांनी काय करावं, घरवाटपाच्या मोठ्या साहेबांनाही आमंत्रण दिलं. मी म्हटलं, तो कशाला येतोय. पण आला. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. पाहुण्याला घ्यायला हे खाली गेले. जिना अरुंद, यजमानाला ओलांडून पाहुणा पुढे कसा जाणार? हे नेहमीसारखे पाठ करून बसले आणि वर निघाले. तोंड साहेबांकडे. हे एक पायरी सरकायचे, साहेब एक पायरी चढून थांबायचे, आणि सगळा वेळ ह्यांच्या गप्पा चालू. गाव कुठलं तुमचं, मुलं काय करतात, पाण्याला प्रेशर नाही हो आमच्याकडे. मी वरून कठड्याला टेकून बघत होते. दुसऱ्या मजल्यापाशी साहेबांचं बोलणंच बंद झालं. घाम ह्यांना आलेला आणि रुमालाने तोंड साहेब पुसत होते. मुद्दाम केलंत ना हे, असं मी पुढे कितीदा विचारलं. नुसते लबाडासारखे हसायचे.

खीर खाऊन साहेब म्हणाले, "सोमवारी या. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचं एक घर परत आलंय. स्पेशल केस म्हणून तुमचं करून टाकतो."

मला तेव्हा दिवस गेलेले. पाणी वर चढायचं नाही, खालून हंडे आणायचे. माझा आनंद पोटात मावेना. आणि आमचे हे म्हणाले, "साहेब, माझं एकट्याचं नको. नियमच करा. अपंग माणसाला खालचं घर, आणि ते सोडतीच्या आधी."

साहेब म्हणाले, नियम करणं माझ्या हातात नाही. हे म्हणाले, "मग वर लिहा. आम्ही थांबतो."

आम्ही थांबतो म्हणे. हंडे कोण आणणार होतं? पाहुणे गेल्यावर मी जी सुरू झाले ती भांडी घासून होईपर्यंत थांबले नाही. हातातोंडाशी आलेला घास असा कुणी टाकतं का? घर घ्या आणि मग भांडा की नियमासाठी, कुणी अडवलंय? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझं काम झालं की फाईल बंद. आणि हा साहेब बदलला की उपकारही संपला. नियम खुर्चीला चिकटून राहतो, बाई." मी आठवडाभर अबोला धरला. साहेबाची खरंच बदली झाली आणि ते तळमजल्याचं घर दुसऱ्या कुणाला गेलं.

मग सुरू झाल्या लष्कराच्या भाकऱ्या. दर रविवारी ह्यांची माणसं जमायची. टेलिफोन एक्स्चेंजमधली एक कुबड्यांवरची बाई, खुर्च्या विणणारे एक अंध काका, आणखी दोघं-तिघं. आमच्याकडे वर यायला कुणाला झेपणार? म्हणून सभा जिन्याच्या तोंडाशी, आणि चहा मी तीन मजले उतरून आणायचा, पोटुशी असताना. बडबडत आणायची, पण आणायची. आणल्यावर तिथेच टेकायचीही.

ते काका भारी होते. निवेदन दिलं की साहेब लोक ते बाजूला ठेवून देतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून मंत्रालय असो की बेलापूरचं घरवाटपाचं मोठं ऑफिस, ते साहेबालाच म्हणायचे, "मला दिसत नाही हो, काय लिहिलंय ते जरा मोठ्यानं वाचून दाखवता?" मग काय, वाचावंच लागायचं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. परत येऊन काका साहेबाच्या आवाजाची नक्कल करायचे आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. तेवढं हसणं पुन्हा कुठे मिळालं नाही मला.

मुलगा झाला. तो रांगायला लागला तेव्हा जिना बापासारखाच चढायचा, पाठ करून, बसून. बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. मला हसू यायचं आणि डोळ्यांत पाणीही.

मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमारास नियम झाला. पुढच्या सोडतींपासून. ज्यांना आधीच घर मिळालं, त्यांना जे मिळालं ते मिळालं. ह्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही, स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या वर्षी कोपरखैरण्याला घरं झाली, तिथल्या एका नव्या घरातून बोलावणं आलं. उरणकडची मुसलमान मंडळी, आई आणि मुलगी. मुलगी बेलापूरच्या एका ऑफिसात कामाला, पाय ह्यांच्यासारखेच. ह्यांची तिची ओळख बसस्टॉपवरची, आपली सुखदुःखाची; नियमाचं ह्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही गेलो. रस्त्यावरून सरळ दार. हे कुबड्या टेकत उभ्याने आत गेले. आमच्या घरी यायचं तर माणूस आधी जमिनीवर बसायचा.

आईने तांदळाची वाफवलेली गोड सांदणं पुढे ठेवली. म्हणाली, "कुनी मोठ्या सायबानं हा नियम केला, त्याचा भला होवो. नायतर माझ्या पोरीला तिसऱ्या मजल्यावर टाकली आसती."

हे आपले मान खाली घालून सांदण खातायत. मी गप्प बसणारी थोडीच. म्हटलं, "साहेब कसला, हे बसलेत ना समोर. ह्यांनी सहा वर्षं चपला झिजवल्यात. आणि मिळत असलेलं खालचं घर सोडून आम्ही अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतो."

मुलगी मला विचारते, "मावशी, मिळत होतं तेव्हा तुमी खालचं का नाय घेतलं?"

हाच प्रश्न मी ह्यांना इतकी वर्षं विचारत आले होते, भांडून, रडून. आणि मी म्हणाले, "अगं, हे खाली आले असते तर तू वर गेली असतीस."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी आपल्या ताटलीतलं एक सांदण उचलून माझ्या ताटलीत ठेवलं.