डाव्या चाकाचा ठोका

सिंकखालचा पाइप उघडून गॅरेजवाले मिस्त्री आपल्याच स्वयंपाकघरात आडवे झाले होते. खाली बादली, तोंडात टॉर्च. जुना वायसर निघाला होता, नवा अजून खिशातच होता. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि त्यामागून ओळखीचा आवाज आला. ठक्!

"आली तुझी लाडकी," आई म्हणाली. ती दाराशी जपमाळ घेऊन बसली होती, पण कान रस्त्यावर.

लाडकी म्हणजे आरोग्यकेंद्राची पंचवीस वर्षांची डिझेल जीप. ती चालवणाऱ्या नर्सबाई उतरल्या त्या कमरेवर हात ठेवूनच. "दादा, तिसरी खेप माझी. उद्या सकाळी वरच्या वस्तीवर लसी न्यायच्यात. तो चढ हिच्याशिवाय कुणाला चढवत नाही. जाऊ की नको, तेवढं सांगा."

मिस्त्रींना सगळे कानवाले म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला, की आजार सापडलाच. या ठोक्याने मात्र त्यांच्या तोंडाला फेस आणला होता. शॉकॲब्सॉर्बर बदलून झाले. मागचा एक्सल जागेवर धरणारी दांडी असते, तिच्या टोकांतले रबरी बुशही दोनदा बदलून झाले. ठोका चार दिवस मुकाट बसे आणि पुन्हा बोलू लागे.

"आणि आता ठक् झालं की समोर पिवळा दिवा लागतो," नर्सबाई म्हणाल्या.

"दिव्याचं काय, तो देवापुढेही लागतो."

"माझ्या देवाला मध्ये ओढू नकोस," आई कडाडली.

पण मिस्त्री थबकले होते. ठोका आणि दिवा एकाच वेळी? ही काय भानगड? नव्या गॅरेजातलं बिघाड वाचणारं मशीन या जुन्या गाडीला बसत नव्हतं. हिची पद्धत वेगळी होती: सॉकेटातल्या दोन पिना तारेने जोडायच्या, दिव्याची उघडझाप मोजायची आणि तो आकडा तेलकट पुस्तकात शोधायचा.

मिस्त्रींनी मोजलं. पहिल्यांदा तेहेतीस, मग पस्तीस, मग त्रेचाळीस.

"गप्प राहून मोजा की!" नर्सबाई हसल्या. गप्प राहणं मात्र मिस्त्रींच्या पत्रिकेतच नव्हतं.

आई उठली, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. उघडझापेमागे एक मणी. ओठ मिटलेले, नजर दिव्यावर. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तीन वेळा लुकलुकतो, थांबतो, मग चार वेळा. पाच फेऱ्या पाहिल्या, इकडचं तिकडे नाही."

चौतीस. पुस्तकात लिहिलं होतं: मागचं डावं चाक, वेगाचा सेन्सर.

मिस्त्री जीपखाली सरपटले. सेन्सर धडधाकट होता, पण त्याची वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली; ठक् झालं की हिसका बसून दिवा लागणारच. का? एक्सल बोटभर मागे सरकला होता म्हणून. तो का सरकला? बुश फाटला होता म्हणून. दोन महिन्यांचा नवाकोरा बुश फाटेल कसा?

त्यांनी टॉर्च जवळ नेला. रबर झिजलं नव्हतं, पिळवटलं होतं.

जीपखालून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. आईने वाकून पाहिलं. "अरे, काय झालं?"

"सापडलं." ते बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते. "सिस्टर, गाडी शहाणी आहे. मीच दीडशहाणा. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना मी बोल्ट आवळले. खाली उतरवल्यावर बुश कायम पिळलेलाच राहिला. दोन्हीदा तेच केलं. वजन चाकांवर असतानाच आवळायचं असतं, हे मीच दुसऱ्यांना शिकवतो."

नर्सबाईंना हसावं की रागवावं कळेना. "मग उद्याचं?"

"नव्या बुशावर गाडी जाईल. पहिल्या चढावर मी शेजारी बसेन. ठक् झालं तर लसींची पेटी माझ्या डोक्यावर."

आईने जपमाळ पुन्हा पहिल्या मण्यावर आणली. मिस्त्रींनी हात पुसले, फाटका बुश काढून नमुन्यासाठी खिशात, सिंकच्या नव्या वायसरशेजारी टाकला आणि सायकल काढली. चौकातलं स्पेअर पार्टचं दुकान बंद व्हायच्या आत मागच्या दांडीचे बुश आणायचे होते.