झेरॉक्सचं भिंग

धनेशच्या घरात टीव्ही होता. बिघडला नव्हता, आवाज जरा घोगरा यायचा एवढंच. धनेशनं तो सुधारायला उघडला, तेव्हापासून घरात टीव्ही नाही.

एरवी यावर कोणी काही बोललं नसतं. घरच्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, खोल्यांचं भाडं येऊ लागलं, आणि सकाळी उठून करायचं काय, हे मात्र या चाळिशीच्या माणसाला कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून हाताला लागेल ते तो उघडतो. त्याला बसून चहा पिताना सुकापुरात कोणी पाहिलेलं नाही.

पण शनिवारी गावोगावच्या संघांच्या क्रिकेट स्पर्धेची फायनल होती आणि त्याचा धाकटा भाऊ कुंदन गोलंदाजी करणार होता. कुंदन खारघरच्या टॉवरमध्ये राहतो. गणपतीला येतो, जेवतो, जातो. स्पर्धेचा नियम मात्र कडक: ज्यानं त्यानं आपापल्या गावाकडूनच खेळायचं. म्हणून निदान क्रिकेटपुरता तो अजून सुकापूरचा. आई चंद्रावतीला गुडघ्यांमुळे मैदान गाठणं शक्य नव्हतं, आणि सामना मोबाइलवर थेट दाखवणार असले तरी त्यातले खेळाडू तिला मुंग्यांसारखे दिसत.

"मना माजा पोर मोठा बगायचाय," ती म्हणाली. "टीव्ही तू उगडलास, आता तूच बग काय ते."

धनेशच्या बायकोनं, कोमलनं, शेजाऱ्यांचा टीव्ही सुचवला. उशीर झाला होता. धनेशच्या डोक्यात प्रोजेक्टर शिरला होता.

आंब्याची पेटी, भंगारातला टॅब, त्याच्या पडद्यामागची पांढरी पाठ सोलून तिथं बसवलेला झगझगीत दिवा, आणि पुढं जुन्या झेरॉक्स मशीनचं भिंग. इथवर सोपं होतं. अडलं ते भिंग बसवण्यावर. ते पुढंमागं सरकायला हवं, नाहीतर चित्र पुसट. आणि सरकताना तिरकं होता कामा नये. हत्यारं म्हणजे करवतीचं नुसतं पातं, एक स्क्रू ड्रायव्हर आणि घरचा गॅस.

पत्र्याच्या डब्यात भिंग खुळखुळलं. पुठ्ठ्याच्या नळीत बसलं, पण मान टाकून. शेवटी प्लंबरकडचा प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा आला. तो भिंगाला किंचित अरुंद होता. धनेशनं तो गॅसवर धरला, मऊ केला, भिंग आत दाबलं. त्या वासानं कोमल दारात आली.

"अहो, त्याच गॅसवर मला भाकऱ्या टाकायच्यात."

"टाक ना. मी कुठं अडवलंय?"

पाइपाबाहेर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि तो दुसऱ्या रुंद नळीत घातला. आता भिंग लोण्यासारखं सरकत होतं. धनेश खूश झाला, म्हणजे आणखी अस्वस्थ झाला. पेटीच्या फटींतून उजेड गळतो म्हणून त्यानं एकूण एक फट काळ्या कागदानं बुजवली. हवेलाही वाट ठेवली नाही.

शनिवारी संध्याकाळी भिंतीवर चादर ताणली. चंद्रावती खुर्चीत पुढं सरकून बसली. चादरीवर मैदान उमटलं, लख्ख. कुंदनची पहिली ओव्हर छान दिसली. दुसरीत मैदान हळूहळू जमिनीकडं निघालं.

"पोर खाली कुठं चालला रं?" आई म्हणाली.

बंद पेटी तापली होती. गॅसवर मऊ केलेला पाइप पुन्हा मऊ पडून वाकत होता. पेटी उघडावी तर उजेडानं चित्र जाणार. धनेश स्वयंपाकघरात धावला, सांडशी आणली आणि पाइप तिच्यात पकडून सरळ धरला. मैदान जागेवर आलं. हात जरा हलला की स्टंप थरथरत.

"गप उभा रा," आई म्हणाली. ही आज्ञा ती त्याला लहानपणापासून देत आली होती. अंमलबजावणीचा हा पहिलाच प्रसंग.

शेवटची ओव्हर कुंदनची. वाकून पाइप सांभाळणाऱ्या धनेशला चादर दिसत नव्हती. दिसत होता फक्त भिंगातला दिवा. मांडीला मुंग्या आल्या, नाक खाजलं. कॉमेंट्रीवाला ओरडू लागला. चेंडू उंच गेला होता म्हणे. कोमल "झेला, झेला" म्हणत उठली आणि मग खाली बसली.

"काय झालं?"

"सिक्स," कोमल म्हणाली. "हरले."

धनेशनं सांडशी सैल केली. कुंदन छातीपासून खाली गायब झाला.

"धर, धर!" आई ओरडली.

"आये, संपली मॅच."

"मॅच कोन बगतंय? तो पानी पितोय. बारीक झालाय का रं? पिऊन होऊ दे त्याचं."

धनेशनं पाइप पुन्हा उचलून धरला.