रजा देऊन टाका

उदयसिंहराव मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी तक्रार करायला नको. बडोद्याच्या शिलेदार फुटबॉल क्लबाचा तो अकरा वर्षं चेअरमन होता आणि मी, रमाकांत, त्याचा सेक्रेटरी. त्यातली आठ वर्षं मी त्याच्याशी कामाशिवाय एक शब्द बोललो नाही. कारण एकच. त्याने श्रीपतरावला काढलं.

त्याचा पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होता, आणि त्यानंतर त्या घरात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. घोडे गेले, तलवार भिंतीवर गेली, आणि हा रावपुऱ्यात स्कूटरचे टायर विकत बसला. एक्क्याण्णवनंतर परदेशी टीव्ही-फ्रिज यायला लागले, त्यातली एक एजन्सी याला मिळाली आणि स्वारी हवेत गेली. त्र्याण्णव साली मरगळलेला आमचा क्लब त्याने ताब्यात घेतला. सोनेरी अक्षरांची कार्डं छापली. दर तिसऱ्या वाक्यात ‘प्रोफेशनल’ हा शब्द यायला लागला. पूर्वी आमचे खेळाडू चहा-केळ्यांवर खेळायचे, त्यांना त्याने करार दिले, पगार दिला. हे त्याने केलं, मी नाकारत नाही. पण त्याची वसुली कशी केली तेही ऐका.

मैदानाच्या कडेला लाल मखमलीची खुर्ची. सामना सुरू होण्याआधी अकराही जणांनी तिच्यासमोर रांगेत उभं राहून मुजरा करायचा! पाणीगेटबाहेरचं ते मैदान, आजूबाजूला भजियांच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, आणि मधोमध हा दरबार. लोक दात काढायचे. गोव्याहून आणलेला आमचा एक फॉरवर्ड मुजरा करताना हसला, तर याने त्याला पूर्ण सामना बाहेर बसवलं. गोलकीपरला हा ‘किल्लेदार’ म्हणायचा. ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि दुसरीकडे श्रीपतराव. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. पाळी सुटली की सायकल थेट मैदानावर. पगार वगैरे कशाचं नाव नव्हतं तेव्हापासून, वीस वर्षं, तो आमचा कोच होता. सरावाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी अनवाणी खेळायचं, हा त्याचा नियम. पायाला चेंडू कळला पाहिजे, म्हणायचा. क्लबाशिवाय त्या माणसाला दुसरा छंद नव्हता, दुसरी मिजास नव्हती. मला तो सख्ख्या भावासारखा होता.

शहाण्णवच्या मार्चमध्ये दोघांचं मैदानावरच वाजलं. चेअरमनने कंपनीचं नाव छापलेले नवे बूट आणले होते आणि पहिल्या मिनिटापासून ते पायात हवे होते. श्रीपतराव म्हणाला, “पंधरा मिनिटं थांबा साहेब, पछी घालतील.” सगळ्यांसमोर. उदयसिंहरावचा चेहरा लालबुंद झाला. मी तेव्हाच ओळखलं, आता हा श्रीपतरावला ठेवत नाही.

पाच-सहा दिवसांनी तो ऑफिसात आला. उभ्याउभ्याच म्हणाला, “रमाकांत, श्रीपतरावला रजा देऊन टाका. कागद करा, मी सही करतो.”

ती वर्षं आठवून बघा. बडोद्यातले कारखाने एकामागून एक माणसं कमी करत होते. आमच्या गल्लीत तीन घरांत ‘कंपनीने रजा दिली’ हे वाक्य बोललं गेलं होतं, आणि त्यानंतर त्या घरांतले पुरुष दिवसभर ओट्यावर बसलेले दिसायचे. रजा देणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी काही विचारलं नाही. या माणसाला काय विचारायचं?

क्लबाचे कागद गुजरातीत होत. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतलं लिखाण. मी स्वतः शाळेत गुजराती शिकवायचो आणि माझ्या मसुद्यात काना-मात्रेची चूक निघत नसे. चेअरमनसाहेब गुजराती फडाफडा बोलत, पण लिपी वाचायची म्हटलं की चष्मा घरी राहिलेला असे. मी चडफडत लिहिलं, तरी अक्षर सुबक आलं. ‘आपने आजथी क्लबनी सेवामांथी छूटा करवामां आवे छे.’ आजपासून आपण सेवेतून मोकळे. त्याने कागद न बघता लफ्फेदार सही ठोकली आणि “बरोबर ने?” म्हणाला. मी म्हणालो, “बरोबर.”

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव ऑफिसात आला. गळ्यातली शिटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी काही बोलायला गेलो तर म्हणाला, “राहू दे रमाकांत. तू तरी काय करणार? त्या माणसाचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढू नको.” मी नाही काढलं. पुढे अकरा वर्षं त्याच्या घरी जात होतो, तो विषय कधीच निघाला नाही. मैदानावर मात्र त्याने परत पाय ठेवला नाही. संध्याकाळी तो क्वार्टरच्या पायरीवर बसायचा, आणि ते बघून माझं पित्त खवळायचं.

उदयसिंहरावने नवा कोच नेमला नाही. वर मखमली खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडायला लावली आणि तिच्यावर कोणाला बसू देईना. मी मनात म्हटलं, आता साहेबांना दोन-दोन सिंहासनं लागतात. क्लब घसरत गेला, दोन हजार चारला बंद पडला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

दोन हजार सातमध्ये श्रीपतराव गेला. बेसण्याला, म्हणजे सांत्वनाच्या बैठकीला, मी लवकर पोचलो होतो. थोड्या वेळाने उदयसिंहराव आला, काठी टेकत. मला वाटलं, काय तोंड घेऊन आलाय हा. तो श्रीपतरावच्या बायकोसमोर, स्नेहलतावहिनींसमोर, खाली बसला.

“वहिनी, माझं काय चुकलं होतं?” तो म्हणाला. “तुमचं ऑपरेशन होतं म्हणून तो माझ्या घरी येऊन दोन महिन्यांची रजा मागून गेला. मी लगेच द्यायला सांगितली. बुटांवरून बोलाचाली झाली होती, पण ते तिथेच संपलं होतं. मग तो परत का नाही आला? मानापायी मी विचारायला गेलो नाही, पण त्याची खुर्ची मांडून ठेवत होतो.”

वहिनी उठल्या आणि आतून एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. त्याने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे सरकवला. “वाचा हो रमाकांत. मला हे वाचता येत नाही.” चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

माझंच अक्षर. मी वाचलं. ‘छूटा करवामां’पर्यंत आलो आणि कागद खाली ठेवला. पुढचे दोन शब्द वहिनींनीच पाठ म्हटले.

उदयसिंहराव माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. आता हा ओरडेल, सगळ्यांसमोर माझे वाभाडे काढेल, अशी मी वाट बघत होतो. खरं सांगतो, तसं त्याने करावं असंच मला वाटत होतं.

तो वहिनींकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, “सही माझी आहे, वहिनी.”

एवढंच बोलून तो उठला. दाराशी चपला घालताना त्याचा तोल गेला. मी हात पुढे केला, पण त्याने तो धरला नाही.

वहिनी आजही मला चहा देतात आणि त्याला शिव्या देतात. मी मान डोलावतो.